थूर बॅलिली: एका मनोऱ्याचे आणि एका कवीचे म्हातारपण

थूर बॅलिली हा आयर्लंडच्या पश्चिम भागातील गॉलवे परगण्यातला, गोर्ट या बाजारगावाजवळचा चौकोनी दगडी मनोरा आहे. विल्यम बटलर येट्स (१८६५–१९३९) या आयरिश कवीने तो १९१७ मध्ये विकत घेतला. पुढची दहा-बारा वर्षे म्हातारपण आणि मृत्यू यांविषयीच्या त्याच्या बऱ्याच मोठ्या कविता या मनोऱ्याभोवती फिरत राहिल्या. भिंतीतला चक्री जिना, अर्धवट राहिलेला माथा, बाणांसाठी ठेवलेल्या जंग्या, त्यांत घरटी करणारी पाखरे आणि पायथ्याशी वाहणारी नदी यांतल्या प्रत्येक गोष्टीला त्याच्या कवितेत जागा मिळाली. आधुनिकतावादी कवितेत जराजर्जरतेची आणि मरणाची प्रतीके पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक पुराणांतून, धर्मग्रंथांतून किंवा महानगरांच्या गर्दीतून आलेली आहेत. येट्सचे मुख्य प्रतीक मात्र खरेदीखत झालेले, गवंडी-सुतारांनी डागडुजी केलेले आणि पावसाळी ओल धरणारे घर होते. त्या घरात राहून त्याचे दोष सोसले म्हणूनच ते प्रतीक इतके टिकाऊ झाले.

मनोरा मूळचा डी बर्गो, म्हणजे पुढे बर्क म्हणून ओळखल्या गेलेल्या नॉर्मन वंशाच्या घराण्याचा. मध्ययुगाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये अशी गढीवजा घरे शेकड्यांनी बांधली गेली. शेजारच्या टोळीने हल्ला केला तर गुरेमाणसे आत घ्यायची आणि अरुंद जिन्यावरून एकेका हल्लेखोराला तोंड द्यायचे, हा त्यांचा उपयोग. बॅलिलीच्या मनोऱ्याला चार मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावर एकच मोठी खोली. भिंती जागोजागी सुमारे दोन मीटर जाड आहेत. जिना वेगळा बांधलेला नाही, भिंतीच्या जाडीतच तो गोल फिरत वर जातो. पायाशी नदी, नदीवर जुना पूल आणि जवळच गिरणीचे अवशेष. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हा मुलूख कूल येथील ग्रेगरी घराण्याच्या जमीनदारीत मोडत होता.

येट्स या भागात आला तो लेडी ऑगस्टा ग्रेगरीमुळे. कूल येथील तिच्या वाड्यावर तो १८९७ पासून दर उन्हाळ्यात राहू लागला. दोघांनी मिळून आसपासच्या शेतकऱ्यांकडून लोककथा गोळा केल्या. बॅलिलीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेव्हा मेरी हाइन्स या शेतकरी मुलीचे नाव होते. ती कित्येक दशकांपूर्वी वारली होती, पण तिच्या रूपाच्या आठवणी ताज्या होत्या, कारण अँटनी राफ्टरी या आंधळ्या आयरिश कवीने तिच्यावर गाणे रचले होते. तिला पाहिलेली माणसे स्वतः जख्ख म्हातारी झाली होती आणि तिची थोरवी सांगणारा कवी तर तिला पाहूच शकला नव्हता. येट्सने १८९९ मध्ये या आठवणींवर निबंध लिहिला. म्हणजे मनोरा त्याच्या मालकीचा होण्यापूर्वी अठरा वर्षे बॅलिली हे नाव त्याच्या लेखनात मेलेल्या सौंदर्याशी आणि आंधळ्या म्हाताऱ्याच्या शब्दांशी जोडले गेले होते. हे दोघेही पुढे मनोऱ्याच्या कवितांत परत आले.

तरुण येट्स म्हातारपणावर लिहीत नव्हता असे नाही. सव्विसाव्या वर्षी त्याने प्रेयसीला उद्देशून, ती म्हातारी होऊन शेकोटीपाशी बसेल तेव्हाची कल्पना करणारी कविता लिहिली. तिचा उगम रोंसार या फ्रेंच कवीच्या सुनीतात होता. वृद्ध पेन्शनर, पाण्यात आपली प्रतिबिंबे पाहणारे म्हातारे असे विषयही त्याने घेतले. या कविता सुरेल आहेत, पण त्यांतले म्हातारपण हे एक पोशाखी दुःख आहे. पिकलेले केस, वाकलेली पाठ आणि मंद होत जाणारा जाळ एवढ्यावर काम भागते. त्यात सांधे दुखत नाहीत, रागही येत नाही. पन्नाशीच्या सुमारास त्याची भाषा बदलली. १९१३ ते १९१६ दरम्यानच्या हिवाळ्यांत ससेक्समधील एका छोट्या घरात तो एझ्रा पाउंड या तरुण अमेरिकन कवीबरोबर राहिला आणि पाउंडने त्याच्या ओळींतली धूसर विशेषणे कमी करण्याचा आग्रह धरला. बदलाचे सारे श्रेय पाउंडला देण्याची प्रथा आहे. ती अपुरी वाटते. येट्स डब्लिनच्या अबी थिएटरसाठी नाटके लिहीत होता, रंगभूमीवर बोलली जाणारी वाक्ये घडवीत होता आणि त्याचे शरीरही थकू लागले होते. या तीन गोष्टींचा वाटा मोठा आहे.

मनोऱ्याची खरेदी अगदी स्वस्तात झाली. जमीनदाऱ्या मोडून कुळांना जमिनी वाटणाऱ्या सरकारी मंडळाच्या ताब्यात मनोरा आला होता. छप्पर नसलेल्या पडक्या वास्तूत कुणाला रस नव्हता. येट्सला ती पस्तीस पौंडांत मिळाली. त्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९१७ रोजी, त्याने जॉर्जी हाइड-लीस हिच्याशी लग्न केले. तो बावन्न वर्षांचा होता आणि ती पंचवीस. विल्यम स्कॉट या वास्तुविशारदाने आराखडे केले, गावच्या गवंड्याने काम हाती घेतले, जुन्या गिरणीतल्या जाड फळ्या आणल्या गेल्या आणि गोर्टच्या लोहाराने लोखंडकाम केले. मनोऱ्याला लागून असलेली गवताच्या छपराची घरे आधी राहण्याजोगी झाली. १९१९ पासून कुटुंब उन्हाळ्यात तेथे राहू लागले. याच सुमारास येट्सने दगडावर कोरण्यासाठी एक छोटी कविता लिहिली. बायकोसाठी हा मनोरा आपण दुरुस्त केला अशी नोंद तीत आहे, आणि सारे पुन्हा पडून जाईल तेव्हाही ही अक्षरे उरोत अशी इच्छा आहे. गवंडी काम करीत असतानाच घरमालकाने घराच्या पडझडीची तरतूद लिहून ठेवली. इथून पुढे मनोऱ्याविषयीच्या प्रत्येक कवितेत बांधणे आणि ढासळणे एकत्र येतात.

घरात पाऊल टाकण्याआधीच मृत्यूने हजेरी लावली होती. लेडी ग्रेगरीचा एकुलता मुलगा रॉबर्ट हा वैमानिक होता. तो २३ जानेवारी १९१८ रोजी इटलीत मारला गेला. येट्सने त्याच्यावर लिहिलेल्या शोकगीताची मांडणी मनोऱ्यातल्या शेकोटीभोवती आहे. नव्या घरात मित्रांना जेवायला बोलवायचे तर जे येऊ शकत नाहीत त्यांचीच यादी आधी समोर येते, आणि त्या यादीत रॉबर्टचे नाव शेवटी लागते. १९१९ मध्ये मुलगी ॲन हिच्या जन्मानंतर लिहिलेल्या कवितेत समुद्रावरून येणारे वादळ मनोऱ्याला धडका देते आणि बाप पाळण्याशेजारी येरझाऱ्या घालतो. मित्राचे मरण आणि मुलीचा जन्म एकाच छपराखाली आल्यामुळे मनोरा सुरुवातीपासूनच दोन्ही टोकांचे घर झाला.

जिन्याला अर्थ मिळाला तो एका विलक्षण वाटेने. लग्नानंतर चारच दिवसांनी जॉर्जीने आपोआप लिहिले जाणारे लेखन सुरू केले, आणि त्या शेकडो पानांतून येट्सने एक संपूर्ण विचारव्यवस्था बांधली. ‘अ व्हिजन’ या ग्रंथात ती १९२५ मध्ये आणि पुन्हा बदलून १९३७ मध्ये आली. एकमेकांत घुसलेले दोन फिरते शंकू हे तिचे मुख्य चित्र आहे. एक रुंदावत जातो तेव्हा दुसरा टोकाशी येतो. माणसाचे आयुष्य, संस्कृती आणि युगे याच चालीने पुढे जातात. चंद्राच्या अठ्ठावीस कलांना माणसांच्या स्वभावांची अठ्ठावीस रूपे जोडलेली आहेत. ही व्यवस्था मानणारा वाचक आज क्वचितच भेटेल, आणि ती न मानताही कविता वाचता येतात. पण मनोऱ्याच्या भिंतीत फिरत वर जाणारा जिना रोज चढणाऱ्या माणसाला त्या शंकूंची आकृती पायांनीच कळत होती. साठीतल्या माणसाला प्रत्येक फेरीत धाप लागते आणि वर पोहोचल्यावर मोकळे आकाश दिसते. म्हणून जिना चढणे हे एकाच वेळी थकणे आणि मोकळे होणे झाले. मनोऱ्यात एकटा दिवा लावून बसलेला अभ्यासक ही जुनी इंग्रजी प्रतिमा मिल्टन आणि शेलीपासून चालत आलेली होती. येट्सने ती घेतली आणि तिला स्वतःच्या जिन्याच्या पायऱ्या दिल्या.

१९२२ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले. ब्रिटिशांशी झालेला करार मानणारे सरकार आणि तो नाकारणारे प्रजासत्ताकवादी एकमेकांवर उठले. गाड्या बंद, वर्तमानपत्रे बंद, आणि रस्त्याने कधी शवपेट्या नेणारी मोटार जाई. १९ ऑगस्टच्या रात्री बंडखोरांनी मनोऱ्याशेजारचा पूल उडवला. घरातल्यांना बाहेर पडायची त्यांनी मनाई केली, बाकी वागणे सौजन्याचे होते. जाताना त्यांनी शुभरात्री म्हणून आभारही मानले, असे येट्सने नोंदले आहे. या दिवसांत लिहिलेल्या सात कवितांच्या मालिकेत मनोऱ्याचे लष्करी मूळ उघडे पडते. रक्तपातासाठी उभारलेल्या भिंतींमागे बसून कवी सौंदर्याची चिंता करतो आहे, हे त्याला बोचते. त्यातल्या एका कवितेत खिडकीशेजारच्या भिंतीचे दगड सैल होत आहेत आणि तेथे साळुंकीच्या कुळातल्या एका पाखराचे घरटे रिकामे पडले आहे. त्या पोकळीत मधमाश्यांनी येऊन घर करावे अशी विनवणी तो करतो. ढासळणारी भिंत मृत्यूचे प्रतीक होणे नेहमीचेच. तिच्या भेगेत मध साठावा असे वाटणे हे मात्र तिथे राहणाऱ्यालाच सुचेल.

पुढच्या वर्षी, १९२३ मध्ये, येट्सला नोबेल पारितोषिक मिळाले. पदकावर काव्यदेवतेचे गाणे ऐकणारा तरुण कोरलेला होता. ते पाहून त्याने लिहिले की आपण तसे देखणे तरुण होतो तेव्हा आपली काव्यदेवता म्हातारी होती, आणि आता आपल्याला संधिवात झाला असताना ती तरुण आहे. ही गमतीने केलेली नोंद पुढच्या दहा वर्षांच्या कवितेचे सूत्र ठरली. शरीर आणि कल्पनाशक्ती यांचे वय एकाच वेगाने वाढत नाही, आणि त्या तफावतीतून जी चीड निर्माण होते तीच त्याचा विषय होती.

‘द टॉवर’ ही शीर्षककविता १९२५ मध्ये लिहिली गेली तेव्हा त्याला साठ वर्षे पुरी झाली होती. तिच्या आरंभी म्हातारपण हे कुत्र्याच्या शेपटीला पोरांनी बांधलेल्या वस्तूसारखे आहे: खडखडाट करणारे, हास्यास्पद आणि कितीही धावले तरी न सुटणारे. मग कवी मनोऱ्याच्या माथ्यावर येरझाऱ्या घालत आसपासच्या मुलखाकडे पाहतो आणि तिथल्या मेलेल्या माणसांना एकेक करून बोलावतो. मेरी हाइन्स येते, आंधळा कवी येतो, मनोऱ्याचे जुने रहिवासी येतात. त्या सर्वांना त्याचा प्रश्न एकच आहे: म्हातारपणाचा तुम्हालाही असाच संताप येत होता का? शेवटच्या भागात तो मृत्युपत्र करतो. त्यात जमीनजुमला नाही. स्वाभिमान आणि श्रद्धा वारशाने दिली आहे, तीही पहाटे उठून डोंगरातले ओढे चढत जाणाऱ्या मासेमाऱ्यांना. याच भागात जंग्यांतून आत काटक्या टाकणारे कावळ्याच्या जातीचे पक्षी आहेत. ते काटकीवर काटकी रचत जातात, ढीग उंच होतो आणि मग मादी त्यावर बसून त्याला ऊब देते. बॅलिलीतल्या घरात हे दरवर्षी घडत होते. आयुष्यभर वेचलेल्या गोष्टींची एक रास रचून तिच्यावर मरणाची तयारी करायची, हा विचार त्या पक्ष्यांकडून आला.

फेब्रुवारी १९२६ मध्ये आयरिश सिनेटचा सदस्य म्हणून येट्सने वॉटरफर्ड येथील सेंट ऑटेरन्स या मुलींच्या शाळेला भेट दिली. तेथून आलेल्या कवितेत बुजगावण्याचे प्रतीक पक्के झाले. मुले ज्याच्याकडे टक लावून पाहत आहेत तो साठ वर्षांचा हसतमुख सार्वजनिक माणूस म्हणजे काठीवर टांगलेला जुना कोट. प्लेटो, ॲरिस्टॉटल, पायथागोरस यांनाही कवी याच मापात बसवतो. त्यांची कीर्ती झाली तोवर तेही पाखरे उडवण्याच्या कामाचे झाले होते. आईने मुलाला जन्म देताना त्याचे साठीचे रूप पाहिले असते तर तिला त्या वेदना सार्थ वाटल्या असत्या का, असा प्रश्न तो विचारतो. आधुनिक कवितेत वार्धक्याविषयी यापेक्षा कठोर प्रश्न विचारला गेलेला दिसत नाही. कवितेचा शेवट मात्र झाडाच्या आणि नृत्याच्या प्रतिमांत होतो, जिथे देह आणि कृती वेगळी काढता येत नाहीत.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत लिहिलेल्या ‘सेलिंग टू बायझँटियम’मध्ये तो मनोरा सोडून निघतो. १९०७ मध्ये रावेन्ना येथे आणि १९२५ मध्ये सिसिलीत पाहिलेली सोनेरी तुकड्यांची भित्तिचित्रे त्याच्या डोळ्यांसमोर होती. बायझँटियमच्या सम्राटाच्या महालात सोन्याचांदीचे झाड आणि त्यावर गाणारी कृत्रिम पाखरे होती, असे त्याने कुठेतरी वाचले होते. मरणाऱ्या देहाला कंटाळलेल्या जिवाला तसे घडीव पाखरू व्हायचे आहे. टी. स्टर्ज मूर या चित्रकार मित्राने १९३० मध्ये त्यावर आक्षेप घेतला की सोनाराचे पाखरूही माणसाच्या देहाइतकेच निसर्गातले आहे. येट्सला हे पटले. आपली कल्पना आणखी उलगडायला हवी हे ओळखून त्याने ‘बायझँटियम’ लिहिली, ज्यात रात्रीच्या शहरात ममीच्या पट्ट्या उलगडतात आणि मेलेल्यांचे आत्मे डॉल्फिनच्या पाठीवर बसून येतात. याच स्टर्ज मूरने १९२८ मधील ‘द टॉवर’ या संग्रहाचे मुखपृष्ठ केले होते: हिरव्या कापडावर सोनेरी मनोरा आणि खाली पाण्यात त्याचे उलटे प्रतिबिंब.

मनोऱ्याचा माथा कधीच पुरा झाला नाही. स्कॉटच्या आराखड्यातले उतरते छप्पर पैशांअभावी राहून गेले, वर सपाट गच्ची पडली आणि सर्वांत वरची खोली रिकामीच राहिली. १० जुलै १९२७ रोजी केव्हिन ओ’हिगिन्स या मंत्र्याची डब्लिनमध्ये हत्या झाली. येट्स त्याला जवळचा मानत होता. त्या धक्क्यातून आलेल्या ‘ब्लड अँड द मून’ या कवितेत वरून अर्धी मेलेली ती वास्तू देशाचे रूप घेते. आजची सगळीच राष्ट्रे शेंड्याकडून वाळत चालली आहेत का, असा प्रश्न तिथे उभा राहतो. या प्रतिमेमागे जोनाथन स्विफ्टही आहे. वरून सुकत चाललेले झाड पाहून आपलेही मरण डोक्यापासून सुरू होईल असे स्विफ्ट म्हणाल्याची आख्यायिका आहे, आणि अखेरच्या वर्षांत त्याची बुद्धी खरोखरच गेली. कवितेतल्या फुलपाखरांविषयी येट्सने स्वतः टीप दिली आहे. जंग्यांतून आत शिरलेली फुलपाखरे वरच्या ओसाड खोलीत खिडकीच्या काचांवर आपटून मरत. त्यातून त्या कवितेतली काही प्रतीके सुचली. ही टीप त्याच्या पद्धतीवर जितका प्रकाश टाकते तितका ‘अ व्हिजन’चा सारा ग्रंथही टाकत नाही. काचेवर मरून पडलेले फुलपाखरू आधी दिसले, आत्म्याचा विचार नंतर आला.

१९२७ च्या हिवाळ्यापर्यंत त्याच्या फुप्फुसांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. या आजारपणाच्या काळात आत्मा आणि जीव यांचा संवाद लिहिला गेला. आत्मा जिन्याने वर, अंधाऱ्या शांततेकडे बोलावतो. जीव मांडीवरच्या जपानी तलवारीकडे बघत बसतो. ही तलवार जुन्झो सातो या जपानी चाहत्याने १९२० मध्ये अमेरिकेत येट्सला भेट दिली होती, आणि तिच्या म्यानाला एका दरबारी स्त्रीच्या वस्त्राचे भरतकाम गुंडाळलेले होते. संवादात शेवटचा शब्द जिवाला मिळतो: पुन्हा जन्म घ्यावा लागला, पुन्हा चिखलात पडावे लागले तरी चालेल. मृत्यूच्या प्रतीकांनी भरलेल्या घरात त्याने पुनर्जन्म मागितला.

१९२९ च्या अखेरीस इटलीतील रापालो येथे माल्टा ज्वराने तो मरता मरता वाचला. ओल धरणाऱ्या मनोऱ्यात राहणे आता शक्य नव्हते. शेवटचे उन्हाळे संपले आणि वास्तू ओस पडली. पण नदीचे प्रतीक अजून बाकी होते. गोर्टच्या चुनखडीच्या मुलखात नद्या मध्येच जमिनीत गडप होतात आणि दूर कुठेतरी वर येतात. बॅलिलीची नदीही भूमिगत होऊन कूलच्या तळ्यात निघते. १९३१ च्या कवितेत येट्सने तिला जन्म घेणाऱ्या आत्म्याचे रूप दिले. त्या तळ्यावरचे एकोणसाठ हंस त्याने १९१७ च्या कवितेत मोजले होते. आता तिथे लेडी ग्रेगरी काठी टेकत एका खोलीतून दुसरीत जात होती. २२ मे १९३२ रोजी ती वारली. तिचा वाडा पुढे १९४१ मध्ये पाडला गेला.

येट्सच्या पिढीपेक्षा तरुण आधुनिकतावाद्यांनी वार्धक्य वेगळ्या रीतीने वापरले. टी. एस. एलियटने ‘प्रूफ्रॉक’ लिहिली तेव्हा तो विशीच्या आरंभी होता, आणि पावसाची वाट पाहणारा ‘जेरोंशन’ मधला म्हातारा त्याने तिशीत निर्माण केला. १९२२ च्या ‘द वेस्ट लँड’च्या दारातच कुमेची सिबिल आहे: तिने मुठीतल्या धुळीच्या कणांइतकी वर्षे मागितली, तारुण्य मागायला विसरली, आणि आता बाटलीत लोंबकळत मरण मागते. ही माणसे थकलेल्या युरोपची रूपे आहेत. पहिल्या महायुद्धाने संपवलेल्या काळाचे वय त्यांच्या चेहऱ्यावर आहे. येट्सचा म्हातारा स्वतः येट्स आहे. एलियटला हा फरक पूर्ण कळला होता. १९४० मध्ये डब्लिनच्या अबी थिएटरमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने येट्सच्या उत्तरायुष्यातील प्रामाणिकपणाला मोठा मान दिला. दोन वर्षांनी आलेल्या ‘लिटल गिडिंग’मध्ये हवाई हल्ल्यानंतरच्या पहाटे लंडनच्या रस्त्यात भेटणारे, म्हातारपण काय काय देऊ करते ते सांगणारे जे भूत आहे त्यात येट्सचा अंश आहे.

मनोरा सुटल्यावर येट्सची प्रतीके डोंगराकडे वळली, आणि येथे एक मराठी धागा येतो. वऱ्हाडातील बडनेऱ्याचे श्रीपुरोहित स्वामी (१८८२–१९४१) १९३० च्या दशकाच्या आरंभी लंडनला आले. त्यांच्या आत्मचरित्राला येट्सने १९३२ मध्ये प्रस्तावना लिहिली. त्यांचे गुरू भगवान श्री हंस यांनी मराठीत लिहिलेल्या कैलास-मानसरोवर यात्रेच्या वृत्तांताचा स्वामींनी इंग्रजी अनुवाद केला. तो ‘द होली माउंटन’ या नावाने १९३४ मध्ये येट्सच्या प्रस्तावनेसह निघाला. त्याच वर्षी येट्सने ‘मेरू’ हे सुनीत लिहिले. त्यात बर्फाखालच्या गुहांत राहणाऱ्या तपस्व्यांना ठाऊक आहे की पहाटेपूर्वी माणसाचे वैभव आणि त्याची स्मारके नाहीशी होतात. बॅलिलीच्या दगडावरच्या कवितेत अक्षरे तरी उरावीत अशी आशा होती. इथे स्मारकाचा मोहच गळून गेला आहे. स्वामी आणि येट्स यांनी १९३५–३६ चा हिवाळा मायोर्का बेटावर उपनिषदांच्या अनुवादात घालवला. तिथेही येट्स गंभीर आजारी पडला. दहा उपनिषदांचा त्यांचा अनुवाद १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. या अनुवादाकडे संस्कृतच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिले नाही. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या कवीला उपनिषदांत काय सापडले हे पाहण्यासाठी तो अजून वाचावा असा आहे.

म्हणून येट्स विरक्त झाला असे समजणे चूक ठरेल. १९३४ मध्येच त्याने लंडनला नॉर्मन हेअर या शल्यविशारदाकडून तारुण्य परत आणणारी म्हणून तेव्हा गाजलेली श्टाइनाख शस्त्रक्रिया करून घेतली. वैद्यकीयदृष्ट्या ती नसबंदीपेक्षा फारशी वेगळी नव्हती, पण येट्सला तिने नवा जोर दिला असे वाटले. या शेवटच्या पाच वर्षांत त्याने वासना आणि क्रोध हेच म्हातारपणाचे इंधन असल्याचे उघड सांगितले. प्रतीकेही खाली उतरली. १९३८ च्या एका कवितेत आयुष्यभराची सर्व प्रतीके सर्कशीतल्या जनावरांसारखी निघून जातात आणि कवी चिंध्या-हाडांच्या दुकानात, जिथून सगळ्या शिड्या सुरू होतात तिथे, येऊन पडतो.

१३ जानेवारी १९३९ ची तारीख असलेल्या कवितेत कुहुलिन हा आयरिश वीर मरणानंतर भेकडांच्या आत्म्यांमध्ये बसून कफन शिवतो. २१ जानेवारीला त्याने शेवटची कविता लिहिली. ती एका काळ्या मनोऱ्याविषयी आहे: आत शपथेला जागणारे मूठभर सैनिक आणि डोंगरातल्या थडग्यांत उभे पुरलेले मृत. सात दिवसांनी, २८ जानेवारीला, फ्रान्समधील काप मार्तां येथे तो वारला. त्याला रोकब्रून येथे पुरले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर, सप्टेंबर १९४८ मध्ये, अस्थी आयरिश युद्धनौकेने गॉलवेला आल्या आणि स्लायगोजवळच्या ड्रमक्लिफच्या चर्चच्या आवारात पुरल्या गेल्या. मधल्या काळात फ्रान्समधले थडगे उकरून अस्थी सामाईक अस्थिगृहात ठेवल्या गेल्या होत्या. त्यामुळे ड्रमक्लिफमध्ये आहेत त्या खरोखर त्याच्याच का, हा वाद मिटलेला नाही.

त्याच १९४८ मध्ये थूर बॅलिलीच्या भिंतीत कवितेचा दगड बसवला गेला. तोवर मनोरा कवितेने सांगितल्याप्रमाणे पुन्हा पडका झाला होता. १९६० च्या दशकात मेरी हॅन्ली यांच्या पुढाकाराने स्थानिक किल्टार्टन सोसायटीने दुरुस्ती हाती घेतली आणि जून १९६५ मध्ये, येट्सच्या जन्मशताब्दीला, तो लोकांसाठी खुला झाला. २००९ च्या पुरात तळमजला बुडाला आणि वास्तू काही वर्षे बंद राहिली. गावकऱ्यांनी आणि येट्सप्रेमींनी निधी जमवून ती २०१५ मध्ये पुन्हा उघडली. नदी अजूनही हिवाळ्यात काठ सोडते, म्हणून मनोरा मुख्यतः उन्हाळ्यातच पाहता येतो.